सूर्याला लांब ठेवण्याचा ठराव

“धार तुटू द्यायची न्हाय. मागायचं काय न्हाय. पाणी द्यायचं नि घरी यायचं.”

सासूबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. सखुबाई त्यांचं नाव. शेवटच्या आठवड्यात त्यांना पेजसुद्धा गिळवत नव्हती, पण उशाशी तांब्या असायचा आणि त्यावर त्यांचा हात. “दिवसभर तो एकटा राबतो वर,” त्या म्हणाल्या. “आपल्या मिठागरावर कामाला येणारा माणूस असता, तर त्याला सकाळी पाणी विचारलं असतं का न्हाय? मग? एक दिवस बी खाडा करू नको. कर कबूल.”

मी कबूल केलं. त्याला एकतीस वर्षं झाली.

आमची खारवली धरमतरच्या खाडीकाठी. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर रेवसच्या लाँचचा भोंगा ऐकू येतो. पूर्वेला खाडी, तिच्या अलीकडे मिठागर, मिठागराचा बांध. रोज उजाडता मी आंघोळ करून त्या बांधावर जाते, उगवत्याला अर्घ्य देते आणि परत येते. अर्घ्य होईस्तोवर तोंडातून शब्द काढत नाही. अडचणीच्या दिवसांत हे जायचे माझ्याऐवजी, म्हणजे माझे यजमान, दिनानाथ. कुरकुरत जायचे, पण जायचे. घरी आल्यावर मी दिनदर्शिकेतल्या त्या दिवसाच्या चौकोनात कुंकवाचं बोट टेकवते. यजमान मिठागरावर मुकादम होते. दुपारी ऑफिसातल्या तापमापकावर जो आकडा दिसेल तो त्याच चौकोनात पेन्सिलीनं लिहायची त्यांना सवय. असे एकतीस वर्षांचे चौकोन आमच्या माळ्यावर दोरीनं बांधून ठेवले होते. त्यांत त्यांचा आकडा आणि माझं कुंकू शेजारी शेजारी. त्यातून पुढं काय उभं राहणार आहे ते आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

जानेवारीच्या तीन तारखेला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी, प्राप्तीनं, फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिलं: “आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आहे. अंतर चौदा कोटी एकाहत्तर लाख किलोमीटर. जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटर कमी.”

बिचारीनं मुलांसाठी लिहिलं होतं. वाचलं मात्र शेजारच्या कोंडाजीतात्यांनी.

तात्यांचा वाल त्या वर्षी धरला नव्हता. वालाला थंडी लागते, दव लागतं, आणि थंडी आली नव्हती. फुलं येत होती नि गळत होती. तात्या फळ्यासमोर उभे राहिले, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं.

“पन्नास लाख!” ते म्हणाले. “रस्ता एक हात सरकवायचा तर नोटीस येते. हा पन्नास लाख पुढं आला, नि गावाला कुणी कळवलं न्हाय?”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शाळेच्या पडवीत खास ग्रामसभा भरली.

आमच्या सरपंच क्रांतीताई. त्यांच्या घरचे अकरा ट्रेलर बंदराला चालतात, त्यामुळं त्यांना कुठल्याही गोष्टीला वेळ कमी असतो. “चला, फटाफट,” त्या म्हणाल्या. “विषय एकच. सूर्य. प्रज्योत, तू काहीतरी डेटा आणलाय ना?”

प्रज्योत पनवेलला कुठल्याशा कंपनीत आलेख काढतो. डिसेंबरात तो आमच्याकडे आला होता, “काका, तुमची जुनी कॅलेंडरं फोटो काढायला नेऊ का?” म्हणून. यांनी कौतुकानं दिली होती. आता त्यानं पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. एक निळी, एक लाल.

“निळी म्हणजे गावचं दुपारचं तापमान. एकतीस वर्षांत वर वर चाललंय. लाल म्हणजे कोकिळाकाकींनी सूर्याला दिलेल्या पाण्याचे आजवरचे तांबे. प्रत्येक कुंकवाचा ठिपका मी मोजलाय. अकरा हजार तीनशेच्या वर. ही पण वर चाललीय. बघा, दोघी कशा जोडीनं चालल्यात.”

माझं नाव पहिल्यांदाच असं मोठ्या पडद्यावर आलं होतं. मी पदर सावरला.

“निळी मधूनमधून खाली आलेली दिसते,” कोंडाजीतात्या म्हणाले. “लाल कधी खाली आलीय?”

“एकदाही नाही.”

“मग तीच पुढारी हाय!”

“अरे, दिलेले तांबे कमी कसे होतील?” आमचे हे मागून म्हणाले. “माझं वय बी तसंच वर गेलंय, एकदा बी खाली आलं न्हाय. त्याची बी रेष काढ. मला बी धरा.”

“काका, विषयाला धरून बोला,” क्रांतीताई म्हणाल्या.

तात्या उभे राहिले. “माझ्या अंगणात एक मांजर यायचं. लांब, पार गवताच्या उडवीजवळ बसायचं. आमच्या हिनं त्याला रोज वाटीभर दूध घातलं. आठ दिवसांनी ते कुठं बसाय लागलं? ओट्यावर. महिन्यानं? माझ्या अंथरुणात. सूनबाई, राग मानू नकोस. पण एकतीस वर्षं रोज पाणी दाखवल्यावर कोण जवळ येणार न्हाय?”

पडवीभर माना हलल्या. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मला राग आला नव्हता. मला त्याहून वाईट झालं होतं. मला ते पटायला लागलं होतं.

प्राप्ती घाईनं उठली. “थांबा, थांबा. अंतराचा हा अर्थच नाही. तो आत्ता सर्वांत जवळ आहे, तरी आपल्याकडे हिवाळा आहे ना? जुलैमध्ये तो सर्वांत लांब असतो.”

तात्यांना हे जड गेलं. “म्हंजे पाहुणा दारात आला की थंडी, नि गावाला गेला की उकाडा?”

“माझा जावई तसाच हाय,” मनुबाई म्हणाली. ती रेवसच्या धक्क्याजवळ बोंबील वाळवते, तिला सभेत कुणाचं भय नसतं. बायका हसल्या.

प्राप्तीनं स्वागताचा नारळ उचलला आणि ट्यूबलाइटसमोर कलता धरला. “पृथ्वी अशी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे. कललेली बाजू सूर्याकडे असली की उन्हाळा, पलीकडे असली की हिवाळा.”

“कलली कशी?” क्रांतीताईंनी विचारलं.

“ती आहेच तशी.”

“तशी म्हणजे? काम कुणाला दिलं होतं?”

“कुणालाच नाही, ताई.”

“हां. गटाराचं पण असंच. विचारायला गेलं की कुणालाच दिलेलं नसतं.”

“बरं, सूर्यातही थोडा बदल होतो,” प्राप्ती म्हणाली. तिचा आवाज चिरकायला लागला होता. “त्याच्यावर काळे डाग येतात. अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात, ओसरतात. जास्त डाग असले की तो किंचित जास्त तापतो. किंचित म्हणजे हजारात एक भाग. आत्ताच ते खूप वाढले होते, आता उतरायला लागलेत.”

“गोवर!” मनुबाई म्हणाली. “अंग तापणारच की मग.”

इतरांना हसू आलं, मला मात्र कसंसं झालं. एकतीस वर्षं रोज समोर उभी राहिले आणि त्याच्या अंगावर डाग उठलेत हे मला शाळेच्या पडवीत कळावं? पण अर्घ्य देताना डोळे मिटायचे, ही सासूबाईंची शिस्त.

“पण खरं कारण ह्यातलं कुठलंच नाही,” प्राप्ती म्हणाली. “खरं कारण धूर. कोळशाचा, कारखान्यांचा, गाड्यांचा. तो वर जाऊन गोधडीसारखा...”

“वेळ झाला,” क्रांतीताईंनी घड्याळ बघितलं. “गोधडीचा विषय पुढच्या सभेत.” बाहेर त्यांच्या एका ट्रेलरचं इंजिन मघापासून चालूच होतं, कारण ड्रायव्हर खिडकीतून सभा ऐकत होता.

ठराव झाला. मनुबाई आणि मिठागरवाले अडून बसले होते की सूर्य अगदीच तोडू नका, आमचं पोट त्याच्यावर आहे. म्हणून मधला मार्ग निघाला: कोकिळा दिनानाथ यांनी पूर्वेच्या बांधाऐवजी गावाच्या पश्चिमेस दोन किलोमीटर मागे जाऊन अर्घ्य द्यावे, जेणेकरून सूर्य गावापासून तितकाच लांब राहील. देखरेखीस पंचायतीचे शिपाई कान्हा. रोज दहा वाजता पंचायतीच्या भिंतीवरचा तापमापक वाचून आकडा फळ्यावर लिहिण्याचं कामही त्यांचंच.

कान्हा पन्नाशीचा गृहस्थ, कंत्राटी नोकरी, घरात चार खाणारी तोंडं. तीस मीटरची फीत घेऊन त्यानं दोन किलोमीटर मोजले. दर तीस मीटरला वाकायचं, खडूनं रेघ मारायची, फीत सोडवायची. सोमवारी उजाडता मी त्याच्या मागून रिकाम्या भातखाचरांतून चालत गेले. माझं मौन, म्हणून तोच बोलत होता.

“काकी, अजून साठ मीटर. काकी, इथं गोटा हाय. बास. इथं उभ्या राहा. न्हाय, अर्धा फूट मागं. उगाच गावाला चटका नको.”

तिथून सूर्य कोंडाजीतात्यांच्या कौलांवरून, मोबाईलच्या टॉवरमागून वर आला. मला तो परक्या घरी भेटल्यासारखा वाटला. पण धार तुटली नाही, खाडाही झाला नाही. कडुलिंबाची दोन पानं मी तांब्यात टाकली होती. डागांना बरी.

आणि त्याच दिवशी दहा वाजता पंचायतीच्या फळ्यावर आकडा आला. आदल्या दिवशी एकतीस होता. आज साडेसत्तावीस.

साडेतीन अंश! क्रांतीताईंना हार घातला गेला. मंगळवारी साडेसत्तावीस. बुधवारी सत्तावीस. लोकांनी ट्रंकांतून स्वेटर काढले. कोंडाजीतात्या मफलर गुंडाळून फळ्यासमोर यायचे आणि त्याच मफलरनं कपाळावरचा घाम पुसायचे.

“काय गारठा पडलाय, दिना,” ते यांना म्हणाले.

“तात्या, तुमचा सदरा भिजलाय.”

“दवानं रे.”

मनुबाई मात्र माझ्यावर उखडली. टोपली घेऊन दारातच बसली. “कोकिळे, माझ्या बोंबलांचं काय?”

“ओले राहिले का गं?”

“वाळलेत.”

“मग?”

“वाळलेत, पण फळ्यावर बघ ना! सत्तावीसला वाळायला न्हाय पायजेत. आतनं कच्चे असणार. मी विकू कशी?”

मी एक बोंबील मोडून बघितला. मी खात नाही, पण मोडताना कळतं. कटकन तुटला. तिनं तो तुकडा हातात धरून फळ्याच्या दिशेनं बघितलं आणि उसासा टाकला.

गुरुवारी अर्घ्य झाल्यावर कान्हा परत निघेना. फीत गुंडाळत उभा राहिला.

“काकी, एक सांगायचंय. आधी कबूल करा, कुणाला सांगणार न्हाय.”

मी कबूल केलं. हा माझा दोष आहे. मी आधी शब्द देते आणि मग ऐकते.

“पहिल्याच दिवशी तापमापकाचा खिळा निघाला,” तो म्हणाला. “भिंत ओलीच हाय ती. मग ठेवायचा कुठं? पाण्याच्या माठाच्या झाकणावर ठेवला. माठाला ओलं फडकं. रोज तिथंच वाचतो नि लिहितो. मला वाटलं, एक-दोन दिवसांत खिळा मारू. तोवर मॅडमना हार पडला. आता खिळा मारला तर आकडा वर जाईल, नि माझी नोकरी खाली.”

तो रडवेला झाला होता. मी म्हटलं, “कान्हा, माझ्या तोंडून जाणार नाही.”

घरी येताना लक्षात आलं की आता माझ्या गळ्यात दोन वचनं आहेत. एक सासूबाईंचं, एक ह्या माठाचं.

संक्रांतीला नागावहून रितेश आला. त्याचं तिथं होमस्टे आहे, पर्यटकांना समुद्रात केळ्याच्या आकाराच्या होडीवर बसवतो. तिळगुळ घेऊन पाया पडला.

“काकी, आमच्याकडे पण जरा बघा. रोज नको. फक्त शनिवार-रविवार. लोकांना ऊन लागतं, फोटो चांगले येतात. पण उकाडा नको, एसीचं बिल येतं. ऊन हवं, उकाडा नको.”

“अरे, मी काही मागत नाही त्याच्याकडे. नुसतं पाणी देते.”

“कळलं, कळलं,” तो हळू आवाजात म्हणाला. “थेट मागायचं नसतं. तुमच्या पद्धतीनं करा. मांडव्याला उतरणारे मुंबईचे पाहुणे आधी कुठं जातात, आमच्याकडे की दुसरीकडे, ते सगळं हवेवर असतं, काकी.” आणि ओट्यावर सहा शहाळी ठेवून गेला. यांनी एक फोडलं. “पाणी गोड हाय,” म्हणाले, “पण उकाडा कायम हाय. मोठ्या ऑफिसात अर्ज दिल्यागत झालं हे.”

चोवीस तारखेला, शनिवारी, दुसरी सभा भरली. दुसऱ्या दिवशी रथसप्तमी, सूर्याचा स्वतःचा दिवस. सोमवारी सव्वीस जानेवारीची नेहमीची ग्रामसभा होतीच, पण इतकं यश हाती असताना कुणाला धीर नव्हता.

प्रज्योतनं नवा पडदा लावला. “दोन किलोमीटरला साडेतीन अंश. म्हणजे काकींना मुंबईला पाठवलं, सरळ रेषेत वीस किलोमीटर, तर पस्तीस अंश. मुंबई थोडी वायव्येला आहे, पण चालवून घेऊ. गावचं तापमान येईल शून्याच्या खाली चार.”

“बर्फ?” कुणीतरी विचारलं.

“बर्फच.”

“मासळीला फुकट बर्फ!” मनुबाई पहिल्यांदाच खूश झाली.

“वालाला बर्फ न्हाय चालत,” कोंडाजीतात्या म्हणाले.

“आणि माझे ट्रेलर घसरतील,” क्रांतीताई म्हणाल्या. “नको. इतकी थंडी झेपणार नाही आपल्याला. दुसरं काय?”

“दुसरं म्हणजे तांब्याच बंद. लाल रेष आहे तिथं थांबेल. लाल थांबली की निळी थांबणार.”

प्राप्ती उठली, “माझी गोधडी...” म्हणाली.

“सोमवारच्या सभेत, बाई. विषयपत्रिकेत शेवटी घेऊ,” क्रांतीताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. आवाज मऊ केला. “काकी, टेन्शन नका घेऊ. एकच वर्ष, प्रायोगिक. उद्यापासून. गावासाठी. चालेल ना?”

सगळी पडवी माझ्याकडे बघत होती. कान्हाही, ठरावाची वही मांडीवर धरून. त्याच्या डोळ्यांत माठ दिसत होता. मी एक वाक्य बोलले असते तर सगळे स्वेटर तिथल्या तिथं उतरले असते. तोंड उघडलंही. मग मिटलं.

“उद्या रथसप्तमी आहे,” एवढंच म्हणाले.

“म्हणून तर,” तात्या म्हणाले. “आपल्या सणाला तो आणखी जवळ सरकंल.”

मी मान हलवली. उभी की आडवी, ते मला अजून आठवत नाही. कान्हानं खाली बघत वहीत “संमती” लिहिलं. पहाटेपासून पूर्वेच्या बांधावर पहाऱ्यालाही त्यालाच नेमलं.

दिवेलागणीला मी तुळशीपुढं बसले होते, पण स्तोत्र पुढं सरकेना. खाडा करायचा नाही असं कबूल केलेलं. आणि दुसरीकडं ती लाल रेष. खरंच मी बोलावत असेन तर? बावीस घरांचा वाल, लहान मुलांचं घामोळं, विहिरीचं तळाला गेलेलं पाणी, हे सगळं माझ्या एका तांब्यानं केलं असेल तर? सासूबाईंना हे माहीत असतं तर त्यांनीही मला अडवलंच असतं ना?

तेवढ्यात प्राप्ती आली. चपला काढून माझ्याजवळच बसली. “काकी, चूक माझी. तो फळा मी लिहायलाच नको होता.”

मी तिचा हात धरला. “बाई, तू शिकलेली आहेस. मला खरं सांग. गाव तापलं ते माझ्या तांब्यानं का?”

“काकी! तुमच्या तांब्यानं काहीसुद्धा होत नाही.”

म्हणाली आणि जीभ चावली. “म्हणजे, तसं नाही, तुमची श्रद्धा...”

“काहीसुद्धा नाही?”

“नाही,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

“केसभरसुद्धा?”

“केसभरसुद्धा नाही, काकी. तो वर्षातून एकदा पन्नास लाख किलोमीटर जवळ येतो, तरी आपल्याला पत्ता लागत नाही. डाग वाढतात, उतरतात, तेही आपल्याला कळत नाही. तुमचा तांब्या त्याला... माफ करा.”

तिला वाटलं मी दुखावले. मला तर छातीवरची पाट्याची शिळा कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. मागायचं काय न्हाय, सासूबाई म्हणाल्या होत्या. मी त्याला कधी जवळ ये म्हटलं नव्हतं, लांब जा म्हटलं नव्हतं. माझ्या पाण्यानं काहीच होत नसेल, तर त्यानं कुणाचं वाईटही होत नाही. मग ते द्यायला कुणाची हरकत असेल?

“बस, चहा घेऊन जा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ओट्यावरून हे बोलले. “ती गोधडी म्हणालीस ना, पोरी? बरोबर हाय ते.” प्राप्ती दचकून वळली. “मी मुकादम होतो तवा पहाटे वाफ्याच्या चिखलावर हात ठेवला की गारठून जायचा. काळी जमीन, दिवसभर ऊन पिणार, रात्री सगळं सोडून देणार. आता पहाटे बी कोमट लागते. दिवसाची गरमी त्याची, मान्य. पण रात्री तो नसतो ना वर? मग रात्रीची ऊब कुठली? वर पांघरूण हाय, नि ते कुणी काढत न्हाय.”

प्राप्ती उठून ओट्याकडे गेली. “काका, तीन तास डोकं फोडूनसुद्धा मला हे असं सांगता आलं नाही! सभेत का नाही बोललात?”

“विषयाला धरून बोला म्हणाली असती,” हे म्हणाले आणि शहाळ्याचं खोबरं खरवडू लागले.

प्राप्ती गेल्यावर कान्हा आला. आत येईना, अंगणातच उभा.

“काकी, उद्या माझी ड्यूटी बांधावर. पण मी काय म्हणतो, मी खाडीकडं तोंड करून बसंन. पाठीमागं काय चाललंय ते मला कसं दिसणार?”

“कान्हा, माझ्यासाठी खोटं लिहू नकोस,” मी म्हटलं. “दिसलं तर दिसलं म्हणून लिही. सोमवारी मी सभेत उठेन आणि माझं मी सांगेन. ठराव मी मोडला म्हणून.”

“तुम्ही? सभेत?”

“बघू. पाय कापले तर बसून सांगेन.” तो हसला नाही. “तुझ्या माठाचं मात्र माझ्या पोटात राहील. ते तुझं तू सांगशील तेव्हा सांग.”

तो बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिला, मग गेला. जाताना, पंचायतीत हातोडी कुठं ठेवलीय, असं काहीतरी स्वतःशीच पुटपुटला.

रथसप्तमीला रुईची सात पानं डोक्यावर ठेवून आंघोळ करायची असते. ती केली. अंगणात गोवऱ्या रचून ठेवल्या, दुधाचं मडकं त्यावर ठेवलं. परत आल्यावर पेटवायचं. बाहेर राखाडी उजेड व्हायला लागला होता आणि हवेत, खरं सांगायचं तर, जराही गारवा नव्हता. वळचणीला वाळत टाकलेला कोंडाजीतात्यांच्या घरचा स्वेटर कुंपणापलीकडे लोंबत होता.

देवघरात तांब्या घ्यायला वाकले तर तो भरलेला होता. काठोकाठ. आत कडुलिंबाची दोन पानं. हे भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पण झोपलेल्या माणसाचे डोळे इतके घट्ट मिटलेले नसतात, आणि झोपलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत ओले नसतात.

मी काही बोलले नाही. बोलायची वेळ नव्हतीच अजून.

कोपऱ्यावर मनुबाई टोपली डोक्यावर घेऊन धक्क्याला निघाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. “कुठं गं?” म्हणाली. मी बोटानं ओठांकडे दाखवलं. तिनं मान हलवली, टोपली सावरली आणि वाट सोडून बाजूला उभी राहिली.

पश्चिमेच्या खडूच्या रेघा दवच नसल्यानं तशाच पांढऱ्या पडल्या होत्या. मी तिकडे वळले नाही. दोन्ही हातांनी तांब्या धरला, पाणी हिंदकळू नये इतपत हळू पावलं टाकली, आणि पूर्वेच्या बांधाची वाट धरली.